तोल सावरण्यासाठी नजरेचे व्यायाम : दीर्घ आजारात कोणी करत आहे का?

उतारावरची :

गेली नऊ वर्षे मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे बोलण्यात ज्याला नुसते ‘एमएस’ म्हणतात तो आजार आहे. आपल्याच शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे वेष्टन कुरतडत राहते, एवढे सांगून आजाराचा विषय मी इथेच सोडते, कारण हा धागा एका वेगळ्या आणि वरवर अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीसाठी काढला आहे.

मी साताऱ्यात, मंगळवार तळ्याच्या वरच्या अंगाला राहते. आमच्याकडे घरातून बाहेर पडणे म्हणजे एकतर चढणे किंवा उतरणे, तिसरा पर्याय नाही. दोन वर्षांपूर्वी समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे उतरत असताना मागून एका ओळखीच्या बाईंनी हाक मारली, मी चालता चालता मान वळवून ‘ओ’ दिली आणि दुसऱ्याच क्षणी रस्त्याकडेला लावलेल्या स्कूटरवर जाऊन आदळले. ठेच लागली नव्हती, पायात गोळा आला नव्हता, डोळ्यांपुढे अंधारीही आली नव्हती. फक्त मान वळली होती. त्यानंतर मी स्वतःवर लक्ष ठेवू लागले, तेव्हा ध्यानात आले की घरातही हेच होत होते. फडताळातून डबा काढून वळले की हात आपोआप भिंतीकडे जायचा, आणि रस्ता ओलांडताना उजवीकडे-डावीकडे बघण्याचीच धास्ती वाटायची.

तेव्हा ज्या डॉक्टरांना दाखवत होते त्यांनी ‘चालताना इकडेतिकडे बघत जाऊ नका’ असे सांगितले. त्या सल्ल्याला खोटे म्हणता येणार नाही, पण तो पाळून मी वर्षभर झापडे लावलेल्या टांग्याच्या घोड्यासारखी चालले. त्याच काळात पायांचे व्यायाम मनापासून केले, मांड्यांमध्ये ताकद आली, खुर्चीतून हात न टेकता उठता येऊ लागले, आणि मान वळवल्यावर जाणारा तोल मात्र जसाच्या तसा राहिला.

मग एका नव्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी पायांना हात लावण्याआधी विचारले, की चक्कर येते म्हणजे नेमके काय होते : घर फिरते, तुम्ही स्वतः फिरता, अंधारी येते, की नुसता झोक जातो? आपण या चारही गोष्टींना ‘चक्कर’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. शेवटी मी म्हणाले, की चालताना दुकानांच्या पाट्या थरथरतात आणि मी थांबले की त्याही थांबतात. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेच नव्हते, कारण तो चष्म्याचा दोष असेल असे मी गृहीत धरले होते. त्यांनी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मला वाचायला लावला. डोके स्थिर असताना शेवटून दुसरी ओळ मी सहज वाचली. नंतर त्यांनी माझे डोके दोन्ही हातांत धरून भरभर डावीउजवीकडे हलवत तोच तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा मला चार ओळी वर जावे लागले. डोळे अधू नव्हते. डोके हलत असताना नजर जागच्या जागी धरून ठेवणारी जी जोडणी असते, ती ढिली पडली होती.

त्यांनी दिलेला मूळ व्यायाम ऐकायला हास्यास्पद आहे. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवायचे, हातभर अंतरावर बसायचे, नजर त्या अक्षरावर रोवायची आणि डोके ‘नाही, नाही’ म्हटल्यासारखे डावीउजवीकडे थोडेथोडे हलवायचे. एक मिनिट झाले की विसावा घ्यायचा आणि मग ‘हो, हो’ म्हटल्यासारखे वरखाली करायचे. वेग असा ठेवायचा की अक्षर जेमतेम स्पष्ट राहील. ते पुसट होऊ लागले की किंचित हळू व्हायचे, पण पुसट होण्याच्या भीतीने गोगलगायीच्या गतीने करायचे नाही. हे बसून जमले की पाय फाकवून उभ्याने, मग पाय जुळवून, मग दुहेरी घडी घातलेल्या गोधडीवर उभे राहून, आणि शेवटी बोळातून चालत, असे पुढे जायचे. माझ्या बाबतीत बसण्यापासून गोधडीपर्यंत यायला सात आठवडे लागले.

आता पाच महिने झाले आहेत. आजार जिथे होता तिथेच आहे, डाव्या पायाचा जडपणाही आहे, आणि लांब जाताना मी अजून काठी घेते. मात्र चालताना पाट्या आता वाचता येतात, आणि मोती चौकात कुणी हाक मारली तर थांबून, काठी टेकून, सगळे अंग वळवण्याऐवजी मी नुसती मान वळवते. दुसऱ्या कोणत्या दीर्घ आजारात असे व्यायाम कुणी करत असल्यास अनुभव वाचायला आवडतील. शिवाय दोन अडचणी आहेत : एक म्हणजे व्यायामानंतर येणारा थकवा, आणि दुसरी म्हणजे दुहेरी भिंगाचा चष्मा, ज्यातून पायरी भलत्याच ठिकाणी दिसते.

निवृत्त_मास्तर :

ताई, तुम्ही ज्याला जोडणी म्हणता ती प्रत्येकाला घरबसल्या पाहता येते. हाताची तर्जनी डोळ्यांसमोर धरावी, डोके स्थिर ठेवावे आणि बोट झपाट्याने डावीउजवीकडे हलवावे; बोटावरच्या रेषा दिसेनाशा होतात. आता बोट स्थिर ठेवून त्याच झपाट्याने डोके हलवावे; रेषा स्वच्छ दिसत राहतात. दोन्ही वेळा डोके आणि बोट यांच्यातली सापेक्ष गती सारखीच असूनही निकाल वेगळा लागतो. पहिल्या प्रयोगात डोळा बोटाचा पाठलाग दृष्टीच्या आधाराने करतो, आणि दृष्टीचा संदेश मेंदूतून फिरून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत यायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. दुसऱ्या प्रयोगात डोके हलल्याची खबर आतल्या कानातून निघते आणि साधारण १० मिलिसेकंदांच्या आतच डोळा उलट दिशेला वळलेला असतो.

आतल्या कानात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्या एकमेकींशी जवळजवळ काटकोनात बसवलेल्या असतात, म्हणजे आम्ही फळ्यावर काढायचो त्या तीन अक्षांसारख्याच. डोके फिरते तेव्हा नलिकेतला द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो, आणि त्या मागे राहण्याचीच नोंद होते. या इंद्रियावरील कामासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ती बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते, हे माझे विद्यार्थी द्रवाचे जडत्व विसरल्यानंतरही लक्षात ठेवत असत.

साधक६१ :

मी गेली वीस वर्षे त्राटक आणि नेत्रसंचालन करतो, म्हणजे ज्योतीकडे एकटक पाहतो आणि मान न हलवता बुबुळे वर, खाली, तिरकी आणि गोल फिरवतो. आपल्या परंपरेत हे सगळे आधीपासूनच आहे, त्यामुळे त्याला नवे नाव देऊन नवा उपचार म्हणणे मला पटत नाही. ताईंनी फिजिओची फी भरण्याऐवजी पहाटे निरांजनाच्या ज्योतीकडे पाहिले असते, तरी हाच गुण आला असता असे माझे मत आहे. चष्म्याचा नंबरही त्याने उतरतो, असे आमच्या वर्गातले काहीजण सांगतात.

फिजिओ_मिरज :

मी मिरजेत याच कामात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. साधककाका, त्राटकाने चित्त एकाग्र होत असेल, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु त्यात डोके स्थिर असते आणि इथे सगळी मेख डोके हलण्यात आहे. डोके हलले आणि डोळा पुरेसा उलट वळला नाही, तर प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावरून घसरते. ही घसरण लहान मेंदूला चूक म्हणून कळते आणि तो पुढच्या वेळचा हिशेब सुधारतो. डोके हललेच नाही तर चूक होत नाही, आणि चूक झाली नाही तर दुरुस्तीला काही कारणच उरत नाही. ताईंना अक्षर पुसट होण्याच्या कडेपर्यंत जायला सांगितले होते ते यासाठीच. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने आतल्या कानाच्या दुबळेपणासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये सुधारून प्रसिद्ध केली, त्यांत डोके न हलवता केलेले निव्वळ बुबुळांचे व्यायाम या कामासाठी देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. जुनाट दुबळेपणासाठी तिथे दिवसातून तीन ते पाच वेळा मिळून किमान २० मिनिटे, आणि असे चार ते सहा आठवडे, हे प्रमाण दिले आहे. राहिला चष्म्याचा नंबर. तो मुख्यतः नेत्रगोलाच्या लांबीवर आणि पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, वक्रतेवर ठरतो, आणि डोळे फिरवल्याने या दोन्हींत बदल होत नाही.

मात्र एमएसचे प्रकरण थोडे निराळे आहे आणि इथे काकांच्या बाजूनेही काही बोलता येईल. एमएसमध्ये बहुतेक वेळा कान शाबूत असतो आणि बिघाड मेंदूकडे जाणाऱ्या किंवा मेंदूतून डोळ्यांकडे येणाऱ्या वाटेवर असतो. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी एमएस असलेल्या ८८ जणांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्यात वेगवेगळ्या पृष्ठभागांवर तोल सांभाळणे, डोके हलवत नजर स्थिर ठेवणे आणि डोळ्यांच्या हालचाली, असे तिन्ही एकत्र दिले होते. पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे आठ आठवडे एकदा, शिवाय रोज घरी. ज्यांना हे प्रशिक्षण दिले नव्हते त्यांच्या तुलनेत या गटाचा तोल सुधारलाच, पण थकव्याच्या मोजमापातही फरक पडला. थकव्याचे हे कोडे मला सुरुवातीला उलगडत नव्हते. आता रुग्ण पाहून असे वाटते, की जग थरथरत असताना चालणे हे मेंदूसाठी दिवसभर चालणारे ओझे असते आणि ते हलके झाले की माणूस कमी दमतो. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धान्त म्हणून कृपया घेऊ नये.

हे व्यायाम आधुनिक असले तरी कालपरवाचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न नावाचे कानाचे शल्यविशारद आणि कुक्सी नावाचे वैद्य यांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी एक क्रम बसवला. अंथरुणात पडून डोळे हलवण्यापासून तो सुरू होतो आणि चेंडू झेलणे, पायऱ्या चढणे, उतारावर चढउतार करणे इथपर्यंत जातो. उतार साताऱ्यात फुकट मिळतो, हे तुमचे भाग्यच म्हणायचे.

आता एक इशारा. बिछान्यात कूस बदलली की काही सेकंद घर गरगर फिरते आणि थांबते, अशी ज्यांची तक्रार असेल त्यांनी हा धागा वाचून भिंतीवर अक्षर चिकटवू नये. त्यांच्या कानातले सूक्ष्म खडे बहुधा जागा सोडून नलिकेत गेलेले असतात, आणि डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते परत जागेवर आणण्याची एपली यांची पद्धत एकदोन बैठकींतच काम करते. तसेच मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, हातांना मुंग्या येत असतील किंवा मान वळवताच दोन दोन दिसू लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. अचानक सुरू झालेली गरगर, त्यासोबत बोलण्यात जडपणा किंवा तोंड वाकडे होणे हा व्यायामाचा विषयच नाही. त्या वेळी सरळ रुग्णालय गाठावे.

कृष्णाकाठची :

आम्ही सांगलीत घाटाजवळ राहतो. माझ्या सासऱ्यांना बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. ते दिवसा आमराईत एकटे फिरून येतात, पण न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की भिंतीला धरावे लागते, आणि रात्री वीज गेली की उभे राहतात तिथून हलत नाहीत. मागच्या महिन्यात पाणी तोंडावर घेताना पडता पडता वाचले. डोळ्यांची तपासणी दरवर्षी होते आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मिरजेत झाली आहे. मग डोळे मिटल्यावर तोल का जावा, हे आम्हाला समजत नव्हते. त्यांनाही भिंतीवरच्या अक्षराचा व्यायाम देता येईल का?

फिजिओ_मिरज :

वहिनी, तोल तीन आधारांवर उभा असतो : डोळे, आतला कान, आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून येणारी जमिनीची जाणीव. दीर्घकाळच्या मधुमेहात तिसरा आधार हळूहळू बधिर होतो आणि माणूस त्याची भरपाई नकळत डोळ्यांनी करू लागतो. साबण लागला की तो आधारही जातो आणि सगळा भार एकट्या कानावर येतो. तुम्ही न्हाणीतले जे वर्णन केले आहे त्यावरच एकोणिसाव्या शतकातल्या रॉम्बर्ग यांच्या नावाची परीक्षा उभी आहे. पाय जुळवून उभे करायचे आणि डोळे मिटायला सांगायचे, एवढीच ती आहे.

म्हणून त्यांच्या बाबतीत आधी तळव्यांची संवेदना तपासायला हवी, त्यासाठी नायलॉनचा बारीक तंतू टेकवून पाहतात. अक्षराचा व्यायाम त्यांच्या कानाला काही प्रमाणात तयार करील, पण एकट्यावर भिस्त ठेवू नये. न्हाणीत धरायला दांडी बसवा, स्टूल ठेवा, आणि रात्री वाटेवर आपोआप लागणारा छोटा दिवा लावा. त्यांना गोधडीवर उभे करायचेच असेल तर कोपऱ्यात, समोर खुर्ची ठेवून आणि तुम्ही शेजारी असतानाच. अनवाणी नको, तळव्याला झालेली जखम त्यांना कळणार नाही.

औषधवाला :

मी चाळीस वर्षे औषधाच्या दुकानात काढली आहेत, म्हणून एका विषयाची आठवण करून देतो. चक्कर येते म्हणून एकदा लिहून दिलेली गोळी लोक वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर नेत राहतात. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांसारखी औषधे तीव्र गरगरीत दोनचार दिवस उपयोगी असतात, कारण ती तोलाच्या यंत्रणेला गुंगवतात. पण वरती फिजिओताईंनी लिहिल्याप्रमाणे मेंदूला चूक कळून ती सुधारायची असेल, तर यंत्रणा गुंगवून ठेवल्याने तेच काम लांबते. शिवाय वयस्क माणसाने सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन महिनोन्‌महिने घेतल्यास कंपवातासारखी (पार्किन्सन्ससारखी) लक्षणे येऊ शकतात, आणि मग ‘आता कंपवातही झाला’ म्हणून आणखी एक गोळी सुरू होते. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. फक्त पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर सगळ्या गोळ्यांची पिशवी उलटी करून ‘यातले अजून काय हवे आहे’ एवढे विचारा.

माचीचा :

कंपवाताचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना सात वर्षांपासून कंपवात आहे आणि औषधे व्यवस्थित चालू आहेत. त्यांचे पाय दाराच्या उंबऱ्याशी जमिनीला खिळल्यासारखे होतात. आश्चर्य म्हणजे जुन्या सोप्यातल्या शहाबादी फरशीवरून ते झरझर जातात आणि नव्या खोलीच्या चकचकीत, बिनसांध्याच्या फरशीवर अडकतात. आम्ही नव्या खोलीत पाऊलभर अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, तेव्हापासून ते पट्टी बघून ती ओलांडतात आणि चाल सुटते. हा नजरेचाच व्यायाम म्हणायचा का?

फिजिओ_मिरज :

याला व्यायामापेक्षा नजरेचा इशारा म्हणणे योग्य होईल. कंपवातात आपोआप पाऊल टाकण्याची मेंदूतली वाट अडते, पण डोळ्यांसमोर लक्ष्य असले की दुसऱ्या वाटेने पाऊल टाकता येते. तुमच्या घरातल्या फरशीच्या सांध्यांनी तेच केले. वडिलांना वळताना एका पायावर गर्रकन फिरू देऊ नका, चारपाच पावलांत मोठे वळण घ्यायला शिकवा. कंपवाताचे निदान झालेल्या माणसाला पहिल्या वर्षभरातच वारंवार मागे पडायला होत असेल आणि ताटाकडे किंवा पायरीकडे खाली नजर नेता येत नसेल, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना हे आवर्जून सांगा, कारण डोळ्यांची खालची हालचाल हरवणे हे कंपवातासारख्या दिसणाऱ्या एका निराळ्या आजाराचे लक्षण असते.

साधक६१ :

मास्तरांचा बोटाचा प्रयोग करून पाहिला. सापेक्ष गती सारखी असून निकाल निराळा, हे मान्य करावे लागते. नंतर ताईंचा व्यायामही मिनिटभर केला आणि मळमळले. वीस वर्षे डोळे फिरवूनही असे कधी झाले नव्हते, त्यामुळे ही दोन वेगळी कामे आहेत हे मी मान्य करतो. त्राटक सोडणार नाही.

उतारावरची :

साधककाका, पहिल्या पंधरवड्यात मलाही रोज मळमळायचे. मला घालून दिलेली मर्यादा अशी आहे, की व्यायाम थांबवल्यावर वीसेक मिनिटांत मळमळ आणि झोक पूर्ववत झाले पाहिजेत. त्याहून जास्त वेळ टिकले तर दुसऱ्या दिवशी वेग किंवा वेळ कमी करायचा. अगदीच काही जाणवले नाही तर व्यायाम फार सोपा झाला आहे असे समजायचे.

थकव्याबद्दल मीच विचारले होते, आणि या दोन आठवड्यांत त्यातला एक भाग उलगडला. एमएसमध्ये अंग तापले की लक्षणे तात्पुरती बळावतात. वेष्टन गेलेल्या तंतूंमधून उष्णतेत संदेश नीट जात नाहीत आणि १८९० साली उथॉफ या जर्मन वैद्यांनी याची प्रथम नोंद केली. मी दुपारी स्वयंपाकघराचे आवरून झाल्यावर, म्हणजे अंग सर्वात तापलेले असताना, व्यायामाला बसत होते. आता पहाटे, सकाळी दहाच्या आत आणि रात्री जेवणाआधी, असे चारचार मिनिटांचे तीन तुकडे केले आहेत, पंखा चालू ठेवते आणि मानेवर ओला पंचा घेते. एकूण वेळ मार्गदर्शक तत्त्वांतल्या २० मिनिटांपेक्षा कमी भरतो, पण तो आकडा कानाच्या दुबळेपणासाठी आहे आणि माझ्या फिजिओंनी माझ्यापुरते हेच प्रमाण ठरवले आहे. पूर्वी व्यायामानंतर तासभर आडवे व्हावे लागे, आता लागत नाही.

फिजिओताई, चष्म्याचे तेवढे राहिले.

फिजिओ_मिरज :

दुहेरी भिंगाचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो, आणि पायरी तर त्याच्या तिप्पटचौपट लांब असते. त्यामुळे ती पुसट दिसते आणि भिंगांच्या सांध्यापाशी उडी मारल्यासारखी सरकते. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. डोके हलल्यावर डोळा किती वळावा याचे प्रमाण भिंगाच्या शक्तीनुसार बदलते, आणि एका चष्म्यात दोन शक्ती असल्या की मेंदूला दोन हिशेब सांभाळावे लागतात. म्हणून व्यायाम करताना आणि बाहेर चालताना केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा वापरणे बरे. हा उपाय मात्र सरसकट लागू पडत नाही. ऑस्ट्रेलियात वयस्कांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित बाहेर पडणाऱ्यांचे पडणे अशा चष्म्याने कमी झाले, पण क्वचितच बाहेर पडणाऱ्यांचे घराबाहेरचे पडणे उलट वाढले. तुम्ही रोज उतरता, तेव्हा तुम्हाला तो चालेल. वहिनींच्या सासऱ्यांबाबत डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

कृष्णाकाठची :

सासऱ्यांच्या तळव्यांची तपासणी झाली. दोन्ही अंगठ्यांना तो तंतू टेकवलेला कळतच नाही. दांडी आणि दिवा बसवला आहे, आणि फिजिओंनी बसून करायचा अक्षराचा व्यायामही दिला आहे. अक्षर केवढे काढायचे, हे विचारायचे राहून गेले. मी वहीच्या पानावर मोठा ‘अ’ काढला होता, तर तो त्यांना कितीही जोरात मान हलवली तरी स्पष्टच दिसतो.

उतारावरची :

वहिनी, मोठे अक्षर हलले तरी ओळखू येते, म्हणून त्याचा उपयोग होत नाही. मी पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वर्तमानपत्रातल्या लहान मथळ्याएवढे ‘ध’ आणि ‘घ’ शेजारी शेजारी काढले आहेत. दोन्हींत फरक आहे तो डोक्यावरच्या रेघेतल्या फटीचा आणि डावीकडच्या वळणाचा; मान हलवताना ते वेगळे ओळखू येईनासे झाले की वेग जास्त झाला हे मला लगेच समजते. मागची भिंत कोरी असावी. पुढे सोपे वाटू लागले की तीच पत्रिका चौकड्यांच्या चादरीवर टाचायची, पण ते किमान महिन्यानंतर. माझी पत्रिका सध्या देवघराच्या दाराला आहे आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा हा कोणता मंत्र आहे असे विचारतो.